दुबईला उन्हाळ्यात निघालात?

दुबईला जावं ते डिसेंबर-जानेवारीत, असं जाणकार सांगतात आणि ते अगदी खरं आहे. पण मैत्रिणींनो, आपल्याला सोयीचा महिना निवडायला मिळतो कधी? लेकीचं बाळंतपण जूनमध्ये आलं तर जूनमध्येच जावं लागतं. यजमान तिकडे नोकरीला असतील तर मुलांच्या शाळेला सुटी लागेल तेव्हा, म्हणजे ऐन मे महिन्यात पेट्या भराव्या लागतात. तिथल्या भारतीय शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टात. मुलगा-सून दोघंही कामावर जाणारी, तेव्हा नातवंडांना सांभाळायला आजीला बोलावणं येतं तेही नेमकं त्याच दोन महिन्यांत. आणि नुसतं सहलीला जायचं म्हटलं, तरी हॉटेलं स्वस्त होतात ती उन्हाळ्यातच. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणींच्या वाट्याला जी दुबई येते ती उन्हाळ्यातली.

विदर्भातल्या, खानदेशातल्या मैत्रिणी म्हणतील, “आम्हाला कसलं ऊन सांगता!” पण हे ऊन वेगळं आहे, बरं का. पारा चाळीसच्या पुढे, कधी पंचेचाळीसच्याही पुढे जातो. शिवाय शेजारी समुद्र, म्हणजे दमटपणा मुंबईचा. नागपूरचं ऊन आणि मुंबईचा घाम एकत्र केला तर काय होईल, तसं. थंड खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा धुक्यानं भरून जातात, दोन मिनिटं समोरचं दिसत नाही. रात्री तरी गार होईल म्हणावं, तर जुलै-ऑगस्टात मध्यरात्रीसुद्धा तीस अंशांच्या खाली फारसं उतरत नाही.

मग होतं काय? सकाळी घरातली माणसं कामाला गेली की दार लावायचं, वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकत बसायचं, दुपारी मालिका, चारला चहा, आणि शनिवार-रविवारची वाट पाहायची. कुणी नेलं तर जायचं. दोन महिने राहून परत आलेल्या कितीजणींना विचारून पाहा, “काय काय पाहिलंस गं?” उत्तर ठरलेलं: बुर्ज खलिफा, एक मोठा मॉल आणि सोन्याचा बाजार. तोही जावईबापूंना सवड होती त्या दिवशी, घाईघाईनं. बाकीचे पन्नास-पंचावन्न दिवस चार भिंतींत.

खरं तर याची काही गरज नाही. हे शहरच वर्षातले चार-पाच महिने छपराखाली जगतं. बसची वाट पाहायची ती काचेच्या बंद, थंड खोलीत. रस्ता ओलांडायचा पूल बंदिस्त, थंड. आगगाडी थंड, तिचं स्थानक थंड. ही सगळी व्यवस्था तुमच्या-आमच्यासाठीसुद्धा आहे. तिचा उपयोग करायला कुणाच्या सुटीची वाट पाहावी लागत नाही.

एकटीनं? हो, एकटीनं!

दुबईची मेट्रो ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली. तिला चालक नाही. हे ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण दोनदा बसलात की विसरून जाल. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की, तिच्यात बायका आणि मुलं यांच्यासाठी वेगळी जागा राखलेली असते. फलाटावर जमिनीवर गुलाबी खूण असते, तिथे उभं राहायचं. चुकून एखादा पुरुष त्या भागात शिरला तर शंभर दिरहॅम दंड. मुंबईच्या लोकलच्या बायकांच्या डब्याची सवय असलेल्यांना तर घरीच आल्यासारखं वाटेल, फक्त धक्काबुक्की कमी आणि कोथिंबीर निवडणारं कुणी नाही. केरळच्या परिचारिका, फिलिपिनो मुली, काळ्या अबायातल्या बायका, कडेवर मूल घेतलेली एखादी पंजाबी सून, असा तो डबा असतो. अर्धा तास नुसतं बसून राहिलं तरी करमणूक होते.

‘नोल’ नावाचं कार्ड स्थानकावरच मिळतं. त्यात पैसे भरून ठेवायचे, आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवायचं. स्थानकांची नावं अरबीत आणि इंग्रजीत पुकारतात, डब्यात नकाशा असतो. भाषेची तर काळजीच करू नका. टॅक्सीवाला बहुधा पाकिस्तानी किंवा बांगलादेशी, दुकानदार मल्याळी किंवा गुजराती, तिकीट तपासणाऱ्या मुलीलाही मोडकी हिंदी समजते. मेट्रोनं जायचं नसेल तर गुलाबी टपाच्या टॅक्सी असतात, त्या बायकाच चालवतात आणि त्या बायकांसाठी, कुटुंबांसाठीच असतात.

एक मात्र लक्षात ठेवा. मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही. नातवाला बिस्किट द्यायचं नाही, आपणही पाण्याचा घोट घ्यायचा नाही. त्यालाही दंड आहे. पाणी स्थानकाच्या बाहेर पडल्यावर प्या. पहिल्या दिवशी मुलाला किंवा सुनेला बरोबर घेऊन घर ते स्थानक एवढीच रंगीत तालीम करा. इमारतीचं नाव, भागाचं नाव आणि जवळच्या स्थानकाचं नाव इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन स्थानकं एकटीनं जाऊन परत या. तिसऱ्या दिवशी घरातल्यांना जेवायच्या वेळी सहज सांगा, “मी आज संग्रहालय पाहून आले.” त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात!

वारा खाली उतरवणारी घरं

आता पाहायचं काय? मॉल कुठे पळून जात नाहीत. पहिल्यांदा तुम्ही खाडीकाठच्या जुन्या वस्तीत जा, असं मी आग्रहानं सांगेन. तिचं नाव अल फहिदी. हिरव्या मार्गावर शरफ डीजी नावाचं स्थानक आहे, त्याचं पूर्वीचं नाव अल फहिदीच होतं. तिथून उन्हात चालत जाऊ नका, गल्लीच्या तोंडापर्यंत टॅक्सी करा.

दक्षिण इराणातल्या बस्तक भागातले व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथे येऊन राहिले. त्यांनी बांधलेल्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात. त्यांना ‘बर्जील’ म्हणतात. मनोरा चारी बाजूंनी वर उघडा आणि आत तिरप्या भिंतींनी विभागलेला. वारा कुठूनही येवो, त्या भिंतीला आपटून तो खाली खोलीत उतरतो. वारा पडला असेल तेव्हा खोलीतली गरम हवा त्याच वाटेनं वर निघून जाते. मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून पाहा. डोक्यावर झुळूक उतरते ती यंत्राची नव्हे, हे कळायला थोडा वेळ लागतो. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या. या दगडाला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागतो. गल्ल्या मुद्दाम अरुंद, म्हणजे समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर पडावी. बाहेरून घर अगदी कोरं, खिडक्या जवळजवळ नाहीतच. सगळं घर आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेलं. आपल्या जुन्या वाड्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

ज्यांना असा मनोरा परवडत नसे ते खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. झावळ्यांच्या फटींतून वारा येई तेवढाच. वीज या शहरात आली ती १९६० च्या सुमारास. त्याआधीच्या बाळंतिणी हाच ऑगस्ट याच किनाऱ्यावर कशा काढत असतील, हा विचार त्या चौकात उभं राहिल्यावर मनात येतोच. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं उन्हाळ्यात आत, खजुराच्या बागा असतील तिथे राहायला जात. म्हणजे बायका-मुलं आणि म्हातारी माणसं. पुरुष कुठे असत, ते पुढे सांगते.

१९८० नंतरच्या दशकात नव्या इमारतींसाठी या वस्तीचा बराच भाग पाडला गेला. उरला तो आता जपून ठेवला आहे. काही घरांत चित्रं मांडलेली असतात, एका घरात कॉफीचं छोटंसं संग्रहालय आहे. तिथे जगभरातल्या कॉफी दळायच्या, उकळायच्या तऱ्हा मांडल्या आहेत. जुनी जाती आणि किटल्या पाहून आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातली माळ्यावर टाकलेली भांडी डोळ्यांपुढे येतात. याच वस्तीत एका मनोऱ्याच्या घरात एक सांस्कृतिक केंद्र १९९८ पासून चालतं. तिथे आधी नाव नोंदवलं तर स्थानिक अरबी माणसं आपल्याला गादीवर बसवून जेवू घालतात आणि हवे ते प्रश्न विचारा म्हणतात. बुरख्याबद्दल विचारा, लग्नाबद्दल विचारा, कुणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच सांगा.

नथीतला मोती

या वस्तीपासून खाडीच्या तोंडाकडे गेलं की शिंदगा लागतं. अल गुबैबा स्थानक तिथून जवळ. राज्यकर्त्या घराण्याची जुनी घरं इथे होती. शेख सईद यांचं घर १८९६ सालचं आहे. आता ही सगळी घरं मिळून एक मोठं संग्रहालय केलं आहे. एका घरातून दुसऱ्यात जायला थोडं बाहेर यावं लागतं, पण प्रत्येक घर आत थंड. सगळं एका दिवसात पाहायचा हट्ट धरू नका. आपल्यासाठी पाच घरं पुरेत: दागिन्यांचं, साजशृंगाराचं, जुन्या औषधोपचारांचं, समुद्राचं आणि सुगंधाचं.

सुगंधाचं घर मला स्वतःला फार आवडतं. हे घर शेख सईद यांच्या कन्येचं. त्यांना अत्तरांचा शौक होता आणि त्यांच्या संग्रहातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. गुलाब, केशर, कस्तुरी, चंदन हे आपल्या ओळखीचेच. ‘ऊद’ म्हणजे काय ते तिथे नीट कळतं. अगराच्या झाडाला विशिष्ट बुरशी लागली की झाड स्वतःला वाचवण्यासाठी आत काळसर राळ तयार करतं. ती राळ मुरलेलं लाकूड म्हणजे ऊद. आपण रोज देवापुढे अगरबत्ती लावतो, तिच्या नावातलं ‘अगर’ ते हेच. आसामातून हे लाकूड वर्षानुवर्षं या वाळवंटात येत आलं आहे. अरबी घरात पाहुणा उठायच्या आधी ऊदाची धुपाटणी फिरवतात. धुपाटणी आली की पाहुण्यानं ओळखावं, आता निघायचं. आपल्याकडे अशी काही सोय असती तर किती बरं झालं असतं!

आणि आता मोत्यांविषयी. तुमच्या आजेसासूबाईंच्या नथीत, तन्मणीत किंवा बुगडीत ‘बसऱ्याचे मोती’ आहेत, असं घरात अभिमानानं सांगितलेलं तुम्ही ऐकलं असेल. बसरा हे बंदर इराकमधलं. मोती मात्र या सगळ्या आखाताच्या पाण्यातले. ते काढले जात तेही ऐन उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. कारण तेव्हाच पाणी तासन् तास बुड्या मारण्याइतकं कोमट असे. मघाशी म्हटलं ना, पुरुष कुठे असत? ते तिथे असत. चार-चार महिने, गलबतावर.

समुद्राच्या घरात ती सगळी हत्यारं पाहायला मिळतात आणि हत्यारं तरी काय! नाकाला लावायचा हाडाचा नाहीतर कासवाच्या पाठीचा चिमटा. बोटांना चामड्याच्या टोप्या. गळ्यात दोरीची जाळीदार टोपली. पायाला बांधायचा दगड, म्हणजे झटकन तळाशी जाता यावं. एक दोर कमरेला, त्याचं दुसरं टोक गलबतावरच्या माणसाच्या हातात. खाली दम संपत आला की दोर हिसकायचा आणि वरच्यानं ओढून घ्यायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच, पुन्हा पुन्हा. दिवसभर पोटात खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. गलबताच्या प्रमुखाला ‘नाखुदा’ म्हणत. आपले कोळी ‘नाखवा’ म्हणतात, तो शब्द याच शब्दावरून आलेला.

मोसमाआधी घरखर्चासाठी उचल घ्यायची आणि मोसमानंतर ती फेडायची. मोती चांगले मिळाले नाहीत तर कर्ज पुढच्या सालावर. बाप गेला तर काही ठिकाणी ते मुलाच्या डोक्यावर येई. मागे राहिलेली बाई चार महिने घर, पोरं, म्हातारी माणसं, शेळ्या सगळं एकटी सांभाळी. निरोप नाही, पत्र नाही. गलबतं परत आली की किनाऱ्यावर जाऊन मोजायची, कोण आलं आणि कोण नाही.

हे मोती जात कुठे? मुंबईला. आखातातले व्यापारी मोत्यांची गाठोडी घेऊन मुंबईला येत. तिथे ते निवडले जात, त्यांना भोकं पाडली जात, ते ओवले जात आणि मग युरोपात जात. काही आपल्या नथीतही येत. म्हणून तर इथे व्यवहार रुपयांत चालत. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ पर्यंत दुबईत रुपयाच चाले. पुढे जपानी लोकांनी शेतात पिकवावेत तसे मोती तयार केले, १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि हा धंदा बसला. दुबईच्या समुद्रात तेल सापडलं ते १९६६ साली. मधली तीस-पस्तीस वर्षं या किनाऱ्यानं चांगलीच ओढगस्तीत काढली. हे सगळं पाहून आलात की मग मॉलमधला झगमगाट वेगळाच दिसतो.

मॉलमध्ये जा, पण पैसे मोजून

दुबई मॉल २००८ साली उघडला. मेट्रोच्या स्थानकापासून तिथपर्यंत बंदिस्त पूल आहे. तो बराच लांब आहे, पण मध्येमध्ये सरकते पट्टे आहेत; गुडघे दुखत असतील तर त्यावर नुसतं उभं राहायचं. आत एक मत्स्यालय आहे. त्याच्या टाकीत एक कोटी लिटर पाणी मावतं, आणि पुढची पारदर्शक भिंत जवळजवळ ३३ मीटर रुंद नि ८ मीटरहून उंच आहे. आता आपल्या कामाची गोष्ट: बोगद्यातून आत जायला महागडं तिकीट आहे, पण ही मोठी भिंत मॉलच्या वाटेवरच आहे. तिच्यासमोर हवा तितका वेळ फुकट उभं राहता येतं. शार्क, भलेथोरले चपटे पाकट मासे, चंदेरी थवे, सगळं तिथूनच दिसतं. लहान मुलं असतील तर अर्धा तास निश्चिंत.

याच मॉलमध्ये एक उंच धबधबा आहे. त्यावरून सूर मारणाऱ्या पुरुषांच्या पुतळ्यांच्या रांगा आहेत. लोक पाठ फिरवून स्वतःचे फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मोत्यांचं घर पाहून आला असाल तर हे कोण, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच. उद्‌वाहक एका मिनिटात एकशे चोविसाव्या मजल्यावर नेतो, कान दडे बसतात. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं, सकाळचं स्वस्त. उन्हाळ्यात धूळ आणि बाष्प यांमुळे लांबचं पुष्कळदा अंधुक दिसतं, तेव्हा हे एकच तिकीट काढायचं असेल तर हिवाळ्यासाठी राखून ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२२ साली उघडलेलं भविष्याचं संग्रहालय बाहेरूनच अधिक सुंदर आहे. मधोमध पोकळ असलेली ती अंगठीसारखी इमारत आणि तिच्या अंगभर अरबी अक्षरांच्या खिडक्या! तिकीट दीडशे दिरहॅमच्या पुढे. विज्ञानाची आवड असलेला मुलगा बरोबर असेल तर जा, नाहीतर एमिरेट्स टॉवर्स स्थानकावरूनच डोळे भरून पाहा.

मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून बर्फाची टेकडी आहे. बाहेर पंचेचाळीस, आत शून्याच्या खाली एक-दोन! रात्री थंड हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवून हा बर्फ पाडतात. कोट, विजार, बूट तिथे तिकिटातच मिळतात, पण आपले जाड मोजे घरून न्यावेत. साडी नको, सलवार-कमीजच बरी. ज्यांना आत जायचं नाही त्यांनी मॉलच्या बाजूच्या मोठ्या काचेपाशी कॉफी घेऊन बसावं. घसरून पडणाऱ्यांची मजा तिथूनच छान दिसते.

इब्न बतूता मॉल त्या मानानं शांत. या मोरोक्कन प्रवाशानं चौदाव्या शतकात जे देश पाहिले, त्यांपैकी सहांच्या धर्तीवर मॉलचे सहा भाग सजवले आहेत. भारताच्या भागात एक प्रचंड हत्ती-घड्याळ आहे. बाराव्या-तेराव्या शतकातल्या अल जझारी नावाच्या कारागिराच्या आराखड्यावरून ते केलं आहे. हा इब्न बतूता आपल्या देवगिरीला, दौलताबादलाही येऊन गेला होता, आणि नंदुरबारलाही. नातवंडांना सांगायला बरं.

मॉलचा कंटाळा आला तर खाडीच्या वरच्या अंगाला जद्दाफ भागात मोठं ग्रंथालय आहे. मोहम्मद बिन राशिद ग्रंथालय हे त्याचं नाव, २०२२ साली ते सुरू झालं. पोथी ठेवायच्या उघड्या रेहलीसारखी इमारतीची घडण आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, आधी नाव नोंदवावं लागतं. जुनी हस्तलिखितं, नकाशे मांडलेलं दालन आहे, मुलांचा वेगळा विभाग आहे. दुपारचे तीन तास कसे जातात ते कळत नाही, आणि शेजारी कुणी खरेदीचा आग्रह करत नाही! देवदर्शनाची रोजची सवय असेल तर जबल अलीचं हिंदू मंदिर २०२२ च्या ऑक्टोबरात उघडलं आहे. पांढऱ्या संगमरवराचं, आत थंडगार, अनेक देवतांच्या मूर्ती एकाच सभागृहात. शेजारीच गुरुद्वारा. बुर दुबईतलं जुनं मंदिर मात्र आता बंद झालं आहे, त्या पत्त्यावर जाऊ नका.

दुपारी मेट्रोतून जाताना खिडकीबाहेर एक गोष्ट दिसेल. क्रेन उभ्या, पण हलत नाहीत. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या कायद्यानं बंदी आहे. सावलीत ओळीनं पडलेले मजूर दिसतात. त्यात आपल्या देशातले किती असतील! तीन वाजले की ते पुन्हा उन्हात चढतात. सामान घरपोच करणारी पोरं दुचाकीवरून येतात, त्यांना दारात थंड पाण्याचा पेला पुढे केला तर किती घटाघटा पितात ते पाहा. आपल्याकडे दारी आलेल्याला पाणी विचारतोच की आपण. तिथे वातानुकूलन यंत्राखाली बसून ते विसरायला होतं.

पिशवीत काय असावं, काय नसावं

पातळ शाल हवीच. बाहेर उकाडा असला तरी आत गारठा असतो. घामानं भिजलेल्या अंगानं एकदम थंडीत शिरू नका. आधी पदरानं मान-कपाळ कोरडं करा, मग शाल घ्या. पाण्याची बाटली, थोडं मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, पायात सहज निघणाऱ्या पण पकड असलेल्या चपला. मॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर घसरायला होतं. बाहेर जायची वेळ सकाळी दहा-अकराच्या सुमारास धरा, म्हणजे ऊन चढेपर्यंत तुम्ही आत पोचलेल्या असाल. परत निघा ते पाच-सहानंतर. अनोळखी बायकांचे फोटो मात्र काढू नका, तिथे तो गुन्हा आहे.

इथून जाताना खसखस चुकूनही नेऊ नका! तिथे ती अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. म्हणजे अनारसे, खसखस लावलेले लाडू, घरचा गरम मसाला, बाळंतिणीसाठी केलेली खिरीची पूड, सगळं तपासून पाहा. विड्याची पानं नि तंबाखूचं पानही नको. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनेवरच्या काही गोळ्यांना तिथे आधी परवानगी लागते, ते निघायच्या आधी विचारून घ्या.

सोन्याबद्दल विचाराल, हे मला माहीत आहे! सोन्याचा बाजार देरा भागात आहे. वर छप्पर आहे, पण बाजूनं मोकळा, म्हणून संध्याकाळीच जा. आणि जकातीची सवलत मिळते ती वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांना. दोन महिने नातवंडं सांभाळून येणाऱ्या आजीला ती लागू नाही. तेव्हा “सगळ्याजणी आणतात” या सांगण्यावर पाटल्या घालून येऊ नका.

बाजारातून परतताना खाडी ओलांडायला ‘अब्रा’ म्हणजे लाकडी होडी घ्या. ती उघडी असते, पण सूर्य बुडाल्यावर पाण्यावर थोडा वारा असतो. मनोऱ्यांची ती घरं पलीकडच्या काठावर दिसतात. भाडं एक दिरहॅम. सुटं नाणं आधीच हातात धरून बसा. होडी निघाली की नावाडी फिरून पैसे गोळा करतो आणि एका हातानं काठ धरलेला असताना पर्स उघडणं काही सोपं नाही.